आवळलेली मूठ

नव्वदच्या दशकात मी औषधांच्या कंपनीचा विक्रेता होतो. रोज मोटरसायकलने पेणहून रोह्याला जाताना उजवा हात इतका बधिर व्हायचा, की नोकरी सोडायच्या विचारात होतो.

वडखळच्या एका मेकॅनिकला म्हटलं, "अ‍ॅक्सिलेटर एकाच जागी अडकून राहील असा स्क्रू बसवून द्या."

त्याने फडक्याला हात पुसून पुढे धरला. दोन बोटं नव्हती.

"मी लावला व्हता. म्हैस आडवी आली, गाडी काय थांबली नाय."

मग त्याने केबलला तेल दिलं आणि माझी पकड पाहिली.

"साहेब, मूठ जाम आवळता तुम्ही. गाडी कोण हिसकावून नेतंय काय?"

रोह्यापर्यंत मी दहादा मूठ सैल केली. दहाही वेळा ती आपोआप आवळली. सवय सुटायला महिना लागला, पण नोकरी टिकली.