मरळांची शुक्रवारची पारख

मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर मी दिवाणजी. शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या मी लिहितो, पोती संभाजी मरळ उचलतो, आणि इथवर आमचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते सिनेमावरून. मी बी.कॉम., रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारा, त्यातली परीक्षणं तर पाठ असणारा. संभाजी वेल्ह्याकडचा, शाळा चौथीत सुटलेली. तरी त्याच्या हमालांच्या टोळीतली चौदा घरं सिनेमा निवडताना मला विचारायची नाहीत, त्याला विचारायची. मला याचा राग होता, खोटं कशाला बोलू?

शनिवारी यार्ड बंद. टोळीला आठवड्यात तेवढा एकच दिवस मोकळा. त्या दिवशी सकाळच्या स्वस्त खेळाला बायकापोरांसकट सगळे मिळून जायचे. सिनेमा भिकार निघाला तर नुसती तिकिटं नाही, आठवडा वाया जायचा, कारण पुढचे सहा दिवस पोत्याखाली वाकून बोलायला काही उरायचं नाही. म्हणून निवड चुकवून चालायची नाही.

संभाजीची रीत अशी. शुक्रवारी दुपारी काम उरकलं की हातपाय धुऊन, धुवट सदरा घालून तो सातारा रोडवरच्या मल्टिप्लेक्सकडे चालत जायचा. आत जायचा नाही. नव्या सिनेमांचे पहिले खेळ तीनच्या सुमाराला सुटायचे, तेव्हा बाहेर येणाऱ्यांच्या वाटेवर उभा राहायचा आणि माणसं बघायचा. पायऱ्या उतरायच्या आत जो गाडीची किल्ली चाचपतो, त्याचा सिनेमा फुकट गेला. जो गाडीपाशी पोचूनही बोलत उभा राहतो, त्याचे पैसे वसूल झाले. एवढंच शास्त्र. मी त्याला कितीदा म्हटलं, संभाजीराव, लोक तोंडाने सांगतात त्यावर तुम्ही विश्वास ठेवत नाही, त्यांच्या खिशावर ठेवता. तो हसून पोतं पाठीवर घ्यायचा.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर मात्र तो तोंडावर आपटला. एका शुक्रवारी तीस-चाळीस तरुण मंडळी खिदळत बाहेर आली आणि अर्धा तास पार्किंगमध्ये गप्पा मारत राहिली. संभाजीने तोच सिनेमा ठरवला. शनिवारी चौदा घरांतली पन्नास माणसं तीन तास जांभया देत बसली. धोंडिबा म्हणून टोळीतला सगळ्यांत म्हातारा हमाल, तो तर घोरला. सोमवारी खरं काय ते कळलं. संभाजीची मुलगी निकिता हिंजवडीला एका कंपनीत कामाला होती. तिथे चौकशी करून तिने सांगितलं, की ती मंडळी त्यांच्याच कंपनीतल्या दुसऱ्या विभागातली, कंपनीनेच सिनेमाला नेलेली. अर्धा दिवस सुट्टी, वर फुकटचे समोसे. पडद्यावर नुसतं पांढरं कापड दाखवलं असतं तरी ती हसतच बाहेर आली असती.

चुकला तो असा. बापजन्मात त्याने पगारी सुट्टी घेऊन कोणी सिनेमा बघितलेला पाहिला नव्हता.

टोळीत कुजबुज सुरू झाली. आता निकितालाच विचारू, तिच्याकडे कम्प्युटर आहे. संभाजीची बायको चंपा तर सगळ्यांसमोर म्हणाली, की घरात शिकलेली पोर असताना रस्त्यावर उभं राहायची हौस कशाला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा.

त्या आठवड्यात तीन नवे सिनेमे लागले. दोन मोठे हिंदी आणि एक मराठी, एसटी ड्रायव्हर आणि त्याच्या मुक्या बहिणीची गोष्ट, नट कोणी ओळखीचा नाही. निकिताने इंटरनेटवरची परीक्षणं छापून आणली, मी माझी कात्रणं. आमचं दोघांचं एकमत झालं, पहिला हिंदी. मराठीबद्दल कोणी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या. टोळी आमच्या बाजूने झुकली. शुक्रवारी संध्याकाळी संभाजी परत आला आणि गाळ्यासमोर सगळ्यांना थांबवून म्हणाला, “मराठी बघायचा. हुकला तर उद्यापासनं म्या निवडनार न्हाई.”

निकिताने विचारलं, बाबा, किती माणसं होती त्याला? सतरा, तो म्हणाला. मग त्याने सांगितलं, की त्यांच्यातला एक गृहस्थ बायकोशी बोलत बोलत थेट स्वारगेटच्या दिशेने चालत सुटला आणि बऱ्याच वेळाने घाईघाईने परत आला. त्याची स्कूटर पार्किंगमध्येच राहिली होती.

शनिवारी मीही गेलो. त्याची फजिती बघायला गेलो होतो, हे कबूल करतो. मध्यंतराला उठून वडा खाणारी ही टोळी, त्या दिवशी एकजण जागचा हलला नाही. ड्रायव्हर बहिणीला स्टँडवर सोडून गाडी काढतो तेव्हा धोंडिबा मोठ्याने हुंदका देऊन रडला आणि त्याला कोणी हसलं नाही. माझा चष्मा मी दोनदा पुसला. दिवे लागले तेव्हा चंपा डोळ्यांना पदर लावून बसली होती. बाहेर आल्यावर तिने नवऱ्याकडे न बघताच सांगितलं, “फुडच्या शनवारचंबी तुमीच बघा.” संभाजीची मान मी पोत्याखाली वाकलेलीच पाहिली होती, त्या दिवशी ती ताठ होती. मला त्याचा अभिमान वाटला. हरल्याचं दुःख शोधलं, सापडलं नाही.

वडिलांनी हा सिनेमा कसा निवडला ते लिहून निकिताने सोमवारी कंपनीत सगळ्यांना मेल पाठवली. बुधवारपर्यंत तिच्या मजल्यावरचे निम्मे लोक तो सिनेमा बघून आले. एका खेळाचे तीन खेळ झाले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला गाळ्यावरचा फोन वाजला. पलीकडे एक साहेब, हिंजवडीहून. त्यांची कंपनी आता सगळ्यांनाच सिनेमाला नेणार होती आणि मिस्टर मरळ यांचं मत हवं होतं. मी रिसीव्हर हातात धरून संभाजीला हाक मारली, संभाजीराव, आयटीतून फोन आहे.

त्याच्या पाठीवर कांद्याचं पोतं होतं. तो तसाच थांबला.

“तीननंतर करा म्हनावं,” तो म्हणाला. “अजून ख्योळ सुटला न्हाई.”

मी साहेबांना अगदी अदबीने तसं कळवलं. फोन ठेवला आणि त्याला सांगितलं, उद्या दोन तिकिटं जास्त काढा, बायकोलाही आणतो.