सत्ती आणि दुर्री

शरदकाका गेले हे कळलं तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडत होते. त्यांच्या मुलीचा, नेहाचा, फोन आला. “ताई, बाबा गेले. सकाळी. ही वॉजन्ट इन पेन.” मी “बरं” म्हटलं आणि का कोण जाणे, हातातली जुडी ठेवून दुसरी उचलली. त्याला आता सहा आठवडे झाले. पहिले काही दिवस मला धड रडूही आलं नाही. राग यायचा, आणि रागाच्या मागोमाग एक प्रश्न यायचा. तो ज्यांना विचारायचा ते तर निघून गेले...

काका माझे नात्याने कोणी नव्हते. मी नोकरीसाठी इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आले तेव्हा तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी विचारलं, “पत्ते येतात का गं तुला?” मी म्हटलं, बदाम सात येतं. “चालेल,” म्हणाले, आणि पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मला एका पबच्या माडीवर पोकर खेळायला घेऊन गेले. तिथे पैसे नसतात. जितका उशिरा बाद व्हाल तितके जास्त गुण, आणि वर्षाच्या शेवटी एक पितळी करंडक, इतकंच. पण चुरस अशी, की एरवी गरीब गाय वाटणारी माणसं तिथे एकमेकांना शिंगावर घेतात.

वीसेक जण सारख्याच चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, घेऊन सुरुवात करतात; त्या संपल्या की माणूस बाद. बाद होत होत नऊ उरले की ते शेवटच्या टेबलावर बसतात. काकांचं सगळं शास्त्र त्या टेबलाचं होतं. तिथे आपले पत्ते नंतर बघायचे, आधी कुणाकडे किती चिप्स उरल्यात ते बघायचं. ज्याच्याकडे ढीग आहे त्याच्या वाटेला जायचं नाही. ज्याच्याकडे चिमूटभर उरल्यात तो आधी जाईपर्यंत गप्प बसायचं. “लाडू फिरतो तेव्हा पानावर बसलेलं असावं,” म्हणायचे. मी उतावळी. चांगले पत्ते दिसले की सगळं मध्ये लोटायची आणि सातव्या-आठव्या नंबरावर घरी यायची. काका गाडीत हसायचे.

पोकरमध्ये आपल्या पत्त्यांवर काहीतरी ठेवायची पद्धत आहे, कुणी चुकून ते गोळा करू नयेत म्हणून. कुणी नाणं ठेवतं, कुणी लायटर. काका सुपारी ठेवायचे. विमलकाकू गेल्यावर वर्षाने नेहाचं लग्न झालं. कन्यादानाला जोडीदार हवा, म्हणून भटजींनी काकूंच्या जागी काकांच्या कमरेला सुपारी लावली. लग्न झाल्यावर काकांनी ती टाकली नाही. “हिला घरात एकटीला कशाला ठेवू?” म्हणून दर गुरुवारी खिशात घालून आणायचे. गॅरी नावाचा एक प्लंबर आमच्यात खेळतो, त्याने एकदा ती चावायला मागितली होती. काकांना इतकं चिडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शेवटच्या टेबलावर तिघे उरलो होतो: काका, मी आणि गॅरी. गॅरीकडे जेमतेम चार चिप्स. काकांनी नुसतं हातावर हात ठेवून बसायचं होतं, पुढच्या दोन डावांत तो गेला असता. माझ्याकडे राण्यांची जोडी आली आणि मी बोली वाढवली. काकांनी सुपारी उचलली, खिशात घातली आणि समोरच्या सगळ्या चिप्स मध्ये सारल्या. मीही तितक्याच सारून भिडले. त्यांनी पत्ते उलटे केले. सत्ती आणि दुर्री. पोकरमध्ये याहून भिकार पत्ते नाहीत. काका तिसरे आले, त्या चार चिप्सवाल्या गॅरीच्याही मागे, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जिंकले.

गाडीत विचारलं, “काका, काय केलंत हे?”

“काही नाही गं. कंटाळा आला.”

माझं डोकं सटकलं. मला वाटलं, यांनी मला हा विजय भीक म्हणून वाढला. तसं तोंडावर म्हणालेही. नंतरचे तीन गुरुवार मी त्यांना न्यायला गेले नाही, फोनही केला नाही. चौथ्या आठवड्यात नेहाने सांगितलं की बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत. आजाराचा रिपोर्ट मी जिंकले त्याच गुरुवारी सकाळी आला होता. डॉक्टरांनी ट्रीटमेंट सुचवली, आणि जन्मभर “गप्प बसा, टिका” सांगणाऱ्या माणसाने सरळ “नो, थँक यू” म्हटलं. मी भेटायला गेले तेव्हा ते बहुतेक झोपेतच होते. जागे झाले तेव्हा “गुरुवारी कोण जिंकलं?” एवढंच विचारलं. माझी माफी तोंडातच राहिली.

मग ती सत्ती-दुर्री काय होती? मला दिलेलं बक्षीस? नशिबाची घेतलेली कसोटी? की खरंच कंटाळा?

काका गेल्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी पत्ते वाटणाऱ्या मॉरीनने काकांच्या नावाची खुर्ची मांडली. नियमच आहे, खेळाडू हजर नसला तरी त्याला पत्ते वाटायचे, त्याच्या पाळीला ठरलेल्या चिप्स त्याच्या ढिगातून मध्ये टाकायच्या आणि पत्ते गोळा करून घ्यायचे. नेहाने दिलेली सुपारी मी त्या चिप्सवर ठेवली. काकांची पाळी आली की त्यांच्या चिप्सना हात लावायला कुणी धजेना, सगळे आपले पत्ते टाकून डाव सोडायचे, आणि मधल्या चिप्स काकांकडेच परत जायच्या. एकेक जण दुसऱ्याशी भिडून बाद होत गेला, आणि रिकामी खुर्ची काकांच्याच शास्त्राप्रमाणे गप्प बसून शेवटपर्यंत पोचली. उरलो आम्ही दोघं.

मी खेळले असते तर दहा मिनिटांत संपलं असतं. पण माझी पाळी आली की मी पत्ते टाकून द्यायची आणि माझ्या चिप्स त्यांच्याकडे जायच्या. पुढच्या डावात त्यांचे पत्ते गोळा झाले की त्यांच्या माझ्याकडे यायच्या. कितीतरी वेळ हेच चाललं. “फिनिश हिम, लव्ह,” मॉरीन हळूच म्हणाली. त्याच डावात मला दोन राजे आले होते. तेही मी टाकले.

गॅरी मागे उभा होता, त्याने पत्ते पाहिले. “मंजिरी, व्हाय वुड यू डू दॅट?”

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. “नथिंग,” म्हटलं. “जस्ट बोअर्ड.”

आणि हे कुणाचं वाक्य ते लक्षात आल्यावर मला तिथेच रडू फुटलं. मॉरीनने गुणांच्या फळ्यावर पहिल्या नंबराला आम्हा दोघांची नावं लिहिली. सुपारी नेहाने मलाच ठेवायला सांगितली आहे. गुरुवारी ती माझ्या पत्त्यांवर असते, आणि निघताना मी ती आठवणीने खिशात घालते.