लेबलाखालचं चिन्ह

माझ्या थोरल्या भावाचं चिक्कडपल्लीत दुकान होतं. तो मुख्यतः लॅपटॉपचे अडॅप्टर विकायचा. सरकारी मानक चिन्ह आणि नोंदणी क्रमांक नसलेला माल त्याने कधी ठेवला नाही. आबिड्सच्या घाऊक बाजारात तो एकेक नग उलटून पाहायचा. तिथले व्यापारी त्याला ‘इन्स्पेक्टर साब’ म्हणून चिडवायचे.

गिऱ्हाइकं बिल हरवून यायची. म्हणून वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानातली पद्धत त्याने चालू ठेवली होती. माल आला की प्रत्येक नगावर दुकानाचं कागदी लेबल चिकटवायचं, त्यावर हमीसाठी हाताने क्रमांक लिहायचा. अडॅप्टरला लेबल नीट बसेल अशी सपाट बाजू एकच असते, आणि कारखान्याची छपाईही तिथेच असते. कित्येक रविवारी मीही लेबलं चिकटवली आहेत. आम्हा दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

गेल्या वर्षी तपासणी पथक आलं. चिन्ह कुठे आहे, असं अधिकाऱ्याने विचारलं. लेबलाखाली, असं सांगून भावाने नखाने एक लेबल सोललं. डिंकाबरोबर छपाईही निघून आली. त्याने दुसरं सोललं, मग तिसरं. खाली करडे डाग उरत होते. वहिनी गल्ल्यावर होती. ती हळू आवाजात म्हणाली, “नक्को. जे आहे ते तरी राहू द्या.” तो थांबला नाही. पथकाने माल जप्त केला तेव्हा काउंटरवर सोललेल्या लेबलांचा ढीग होता.

सुनावणीला मी सोबत गेलो. खरेदीची बिलं होती, कंपनीच्या नोंदणीची प्रत होती. अधिकाऱ्याने सगळं वाचलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

“निशान था, मान लिया. अब नहीं है.”

कंपनीकडून पुन्हा छापून आणू का, असं भावाने विचारलं. चिन्ह कारखान्यातच लागतं, विकायला बाहेर पडलेल्या मालावर नाही, असं उत्तर मिळालं. ज्यांची लेबलं शाबूत होती, ते नगही सुटले नाहीत, कारण लेबल न काढता चिन्ह दिसत नव्हतं आणि काढलं तर उरत नव्हतं.

माल नष्ट करण्याचा आदेश निघाला. दुकानाचं सगळं भांडवल त्या मालातच होतं. दोन महिन्यांत भावाने जागा सोडली.

आता तो हिमायतनगरात दुसऱ्याच्या काउंटरवर उभा असतो. अडॅप्टर देताना आधी उलटून पाहतो. गिऱ्हाइकाने हमीचं विचारलं, तर बिल सांभाळा, एवढंच सांगतो.