खिडकीपाशी भरलेला हिब्रूचा वर्ग

बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या पाण्यावर पीक घेणारा असा एकही माणूस सापडायचा नाही, ज्याला आमच्या कालवा-इन्स्पेक्टर साहेबांनी हिब्रू शिकवायचा प्रयत्न केला नाही. साहेब बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. बारामतीत त्यांचं एकच घर. बोलणं आपल्यासारखंच मराठी, जेवायला भाकरी. पण इस्राएल नावाचा देश नकाशावर उमटला आणि साहेब मनानं निम्मे तिकडेच राहायला गेले. महिन्यातून एकदा ते रेल्वेनं पुण्याला जात, तिथल्या ज्यू मंडळींच्या हिब्रू वर्गात बसत आणि जे काही पदरात पडेल ते परत आल्यावर आमच्या डोक्यावर ओतत. शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी साहेब खडूलाही हात लावत नसत. म्हणून रविवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर वर्ग भरे. मी त्यांच्याच हापिसात कारकून असल्यामुळे मला सुटका नव्हती. बाकीचे होते लासुर्ण्याचे वांगी-टोमॅटोवाले तात्या, मेंढरं विकून नुकतेच शेतीला लागलेले आबा आणि असेच पाच-सात जण. नमस्काराऐवजी 'शालोम' न म्हणणाऱ्याचं पाणी साहेबांनी कधी अडवलं नाही, पण ऐन उन्हाळ्यात विषाची परीक्षा कोण घेणार? उजवीकडून डावीकडे लिहायचं म्हटल्यावर मी घाबरलो. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "त्यात काय हाय? आमी नांगर बी दोन्हीकडनं फिरवतो."

साहेबांचं हिब्रू लहानपणापासून प्रार्थनेचं. त्यामुळे धड्यातलं 'वांगी कशी दिली?' हे वाक्यसुद्धा ते टोपी सारखी करून, डोळे मिटून, प्रार्थनेच्या चालीवर म्हणत आणि शेवटी आम्हा सगळ्यांकडून 'आमेन' वदवून घेत. तात्यांना हे फार आवडे. "आमच्या वांग्याला एवढा मान कुणी दिला न्हाय," असं ते म्हणत.

या सगळ्याचं खरं कारण मात्र स्वयंपाकघरात होतं. साहेबांची एकुलती एक लेक लग्न करून इस्राएलला गेलेली. तिथं झालेला नातू चार वर्षांचा, आणि तो फक्त हिब्रू बोलायचा. साहेबांना निवृत्त झाल्यावर लेकीकडे जायचं होतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, साफ नकार दिला होता. "नातवासमोर मुक्यासारखी बसायला एवढ्या लांब कशाला जाऊ?" त्या म्हणत. शिका म्हटलं, तर हात जोडत. म्हणून साहेबांनी वर्गाची जागा ठरवली ती नेमकी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आणि शिकवायचे ते चावडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आम्ही दहा जण निव्वळ निमित्त होतो. खिडकीतून मात्र दोन वर्षं भांड्यांच्या आवाजाखेरीज काही आलं नाही. निवृत्तीला सहा महिने उरले, तसे साहेब शिकवता शिकवता मधेच खिडकीकडे बघू लागले. मला त्यांचं फार वाईट वाटे.

अशात पुण्याच्या वर्गात इस्राएलहून एक तरुण शिक्षक आला. साहेबांनी त्याला धरूनच बारामतीला आणलं आणि त्याच्यासाठी मलिदा केला. एलियाहू पैगंबराच्या नावानं गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं आणि फळांचं ताट मांडायचं, अशी त्यांच्यात रीत आहे. आम्ही डोकी झाकून सतरंजीवर बसलो. प्रार्थना झाली, प्रसाद वाटला. पाहुण्यानं मलिदा असा कधी पाहिलाच नव्हता. त्यानं मोठा घास घेतला आणि कोरडे पोहे घशात अडकून तो लाल झाला. हात हलवत तो घाईघाईनं हिब्रूत काहीतरी बोलला. पवित्र भूमीतून आलेली वाणी! साहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेच्या चालीवर म्हटलं, "आमेन!"

"आमेन!" आम्ही दहाही जण गरजलो.

"आमेन काय म्हणताय?" आतून काकू कडाडल्या. "पोराला ठसका लागलाय, पाणी मागतोय तो!" तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या. त्याला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला आणि चक्क हिब्रूत विचारलं, "आणखी देऊ?"

साहेबांचा घास हातातच राहिला. "तुला येतं?"

"दोन वर्षं खिडकीत ओरडताय. म्हशीलासुद्धा आलं असतं."

"मग येशील?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी तांब्या पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "पाटा-वरवंटा बोटीवर घेतात का, तेवढं या पोराला विचारा."

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं गेली. बारामती स्टेशनात तात्यांनी त्यांच्या डब्यात वांग्याची करंडी चढवली आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. दोन महिन्यांनी मला साहेबांचं पत्र आलं. 'नातू फार भरभर बोलतो. मला काही कळत नाही. तुझ्या काकूला विचारून घेतो. ती दोघं दिवसभर गप्पा मारतात.'

पत्र ऐकून आम्ही पोट धरून हसलो. आबा म्हणाले, "आपून बी त्यास्नी हिब्रूतच लिवू की." मग त्याच ओट्यावर बसून, डोकी खाजवत, आम्ही उजवीकडून डावीकडे चार ओळी रेटल्या. पाणी आलं. वांगी चांगली आहेत. सगळ्यांचा शालोम. मग तात्या म्हणाले, "तुमची लई सय येती, असं बी लिव्हा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. तेवढं एक साहेबांनी आम्हाला शिकवलंच नव्हतं. शेवटी ते मराठीतच लिहिलं.