न आलेल्या पेशंटचे मास्तर

आमच्या मास्तरांना बऱ्या झालेल्या पेशंटचं काडीचंही कौतुक नव्हतं. औषध कंपनीचा पगार खाऊन माणसाने असं वागावं, याचं आम्हाला तेव्हा हसू यायचं. सत्तरच्या दशकात मी नागपूरला एमआर म्हणून लागलो, तेव्हा नव्या पोरांना तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नवं औषध आलं की डॉक्टरांकडून पेशंटचे अनुभव फॉर्मवर भरून आणायचे, तेही तेच तपासत.

पेशंट पुन्हा दवाखान्यात फिरकला नाही, तर आम्ही सगळेच 'आराम पडला' असं लिहून मोकळे व्हायचो. बरा झाला म्हणूनच आला नाही, अशी आमची सोयीची समजूत. मास्तर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "काहून नाही आला? तू गेला होता काय त्याच्या घरी?" मग सायकली काढायच्या. नागपूरच्या उन्हात असली घरं शोधून जीव मेटाकुटीला यायचा. आज नुसतं आठवलं तरी दमायला होतं.

सांधेदुखीची नवी गोळी आली, तेव्हा ते मला लकडगंजातल्या एका आरागिरणीवर घेऊन गेले. माझ्या फॉर्मवर आराम पडलेला माणूस तिथे लाकडं ओढत होता. गोळी त्याने केव्हाच सोडली होती. "खाल्ली का डोकं गरगरे. आऱ्यापुढं कसं उभं राहावं, साहेब?" मग डॉक्टरांना का नाही सांगितलं, असं मास्तरांनी विचारल्यावर तो ओशाळला. "त्याईनं फुकटात देल्ल्या होत्या. मंग नावं कशी ठेवू?" मास्तरांनी तिथेच भुशात बसून माझा शेरा खोडला आणि त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असे आणखी काही जण निघाले. मास्तरांनी सगळे फॉर्म मुंबईच्या ऑफिसला पाठवले. ते परत आले. चक्कर येण्याचा उल्लेख गाळून नव्याने भरा, असं सोबत पत्र होतं. निवृत्ती तोंडावर आलेली असूनही मास्तर 'नाही' म्हणाले. तेव्हा आमच्या नागपूर ऑफिसच्या साहेबांनी ते काम माझ्यापुढे टाकलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी दोन दुपारी खाली मान घालून सगळे फॉर्म भरले. समोरच्या टेबलाशी मास्तर बसलेले होते.

महिन्याभरात त्यांची रवानगी गोडाऊनला झाली आणि शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. ते खण रिकामा करत होते, तेव्हा मी पाया पडायला वाकलो. माफी मागायची होती. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नुसता थकवा होता.

"चांगले भरले गा फॉर्म," ते म्हणाले. "पाहून कोणालेच शक नाही येणार. मीच शिकवलं ना तुले."