लुकलुकणारा पडदा आणि मानोंग सिमो

फेलिसिसिमो या नावाचा अर्थ परमसुखी. आमच्या गिंबाल गावात हे नाव असलेला एकच माणूस आहे, आणि तो कायम काळजीत असतो. काळजी माणसांची नव्हे, वस्तूंची. वस्तू वापरली की झिजते, ही गोष्ट या सिमोदादाला, आमच्या भाषेत मानोंग सिमोला, उभ्या जन्मात पटलेली नाही. लग्नात आलेल्या बशा कपाटात. मुलीने पाठवलेले टॉवेल अजून त्यांच्या कागदात. नव्या चपला पलंगाखाली, आणि पायात जुन्या, ज्यांच्या टाचेला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवलाय.

माझी बेकरी त्याच्या घरासमोर. त्याच्या मुलीचा, मेरिफ्लोरचा, मी बाप्तिस्म्यातला धर्मपिता. त्यामुळे सिमो मला 'पारे' म्हणतो आणि सकाळचे पाव घ्यायला आला की बाकावर बसून सगळं सांगतो. मी विचारलं नाही तरी सांगतो.

निवृत्त होईपर्यंत तो आमच्या चर्चची देखभाल करायचा. घंटा वाजवायची, सांडलेलं मेण खरवडायचं आणि उंच शिडीवर चढून दिवे बदलायचे. त्या शिडीवर त्याला आयुष्यातलं एकमेव तत्त्वज्ञान सापडलं. तो म्हणायचा, "दिवा जळताना मरत नाही, पारे. बटण दाबताना मरतो." जुन्या काचेच्या दिव्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होतंच, टिक केलं की फट्, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण सिमोने त्याचा धर्म केला. त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा कधी बंदच होत नाही. त्याची बायको बेबांग म्हणते, आमच्या घरी देव आणि स्वयंपाकघरातला दिवा, दोघंही झोपत नाहीत.

बेबांग अगदी उलट. घराच्या पुढच्या खोलीत तिचं किराणा दुकान आहे. खिडकीला जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट, आत सिरका, सुके मासे, साबण, शाम्पूच्या पुड्या. बाई दिसायला गोल, बोलायला तिखट, आणि हातात बंदूक आली की भयंकर. बंदूक म्हणजे कॉम्प्युटरमधली. मेरिफ्लोर दुबईला कामाला गेली तेव्हा बेबांग फार उदास झाली होती. फोनवर मायलेकींचं बोलणं 'जेवलीस का, जेवले' यापुढे सरकेना. मग मेरिफ्लोरनेच तिला गोळीबाराचा एक खेळ शिकवला. एका बाजूला पाच जण, दुसऱ्या बाजूला पाच जण. दर रविवारी दुपारी दुबईहून लेक आणि गिंबालहून आई एकाच टोळीत. तिथे बोलायला विषय लागत नाही. "उजवीकडे बघ नानाय," "तू जेवलीस का गं, थांब, ह्याला मारते आधी," असं चालायचं. थोड्याच दिवसांत बेबांग एवढी तरबेज झाली की लांबून नेम धरायचं काम तिच्याकडेच आलं. खेळात तिचं नाव होतं 'सुका मासा'. कोण कुठल्या देशातली पोरं सुक्या माशाच्या गोळीने मरायची आणि रागाने काहीबाही लिहायची. बेबांग त्यांना परमेश्वर तुमचं भलं करो असं उत्तर द्यायची.

मेरिफ्लोर दुबईत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात विक्रीला उभी असते. नाताळाआधी तिचं नेहमीचं भलंमोठं खोकं आलं. त्यात मांसाचे डबे होते, साबण होते, चॉकलेटं होती, आणि मधोमध टॉवेलांत गुंडाळलेला गेमिंग मॉनिटर होता. सिमोने टॉवेल लगेच कपाटात ठेवले. मॉनिटरही ठेवला असता, पण बेबांगने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

मेरिफ्लोरने फोनवरून एकेक बटण सांगत आईकडून त्यातली एक सोय चालू करून घेतली. मोशन ब्लर रिडक्शन असं तिचं लांबलचक नाव. एरवी पळणारा माणूस पडद्यावर फराटल्यासारखा दिसतो, बोटाने लोणी ओढावं तसा. ही सोय चालू केली की तोच माणूस कडा कापल्यासारखा स्वच्छ. बेबांगने तिचं नाव ठेवलं 'पुसणी', कारण ओल्या फडक्याने काच पुसल्यासारखं दिसतं म्हणून. "आता मला त्यांच्या बुटांच्या नाड्या दिसतात," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. एकदा लावलेल्या त्या बटणांकडे मात्र तिने पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. चुलीवरची मांडणी एकदा जमली की ती हलवत नाहीत, तसं.

पुसणीची एक खोड होती. ती चालू असली की पडदा मंद दिसायचा. बेबांगने त्यावर तोड काढली आणि खेळायच्या वेळी दुकानाच्या खिडकीवर घोंगडी टाकायला सुरुवात केली. आत काळोख, बाहेर गिऱ्हाईक. माझी बायको सिरका आणायला गेली तर आतून आवाज आला, "थांब जरा, हा मरायला आलाय." मग घोंगडीखालून एक हात आला आणि चाचपडत एक बाटली देऊन गेला. घरी येऊन बघतो तर सोया सॉस. त्या दिवशीचं मासळीचं कालवण आम्ही काळंच खाल्लं.

सिमोला नव्या मॉनिटरचा अभिमान होता. त्याने फोनवर त्याचा फोटो काढला, चर्चमधल्या मंडळींना दाखवायला. फोटोत पडद्यावर काळे आडवे पट्टे. त्याने घाबरून तो फोटो मेरिफ्लोरला धाडला. ती बिचारी गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिने घाईत उत्तर लिहिलं: काही बिघडलेलं नाही तातय, पडद्यामागचा दिवा सेकंदाला शंभराहून जास्त वेळा चालू-बंद होतो, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं.

बस्स. सिमो तो फोन हातात धरून बेकरीत आला तेव्हा त्याचा चेहरा मी मळलेल्या कणकेसारखा होता.

"सेकंदाला, पारे," तो म्हणाला. "माझ्या चर्चमधला दिवा वर्षात जेवढ्यांदा लागत नव्हता, तेवढ्यांदा हा एका शिंकेत लागतो आणि विझतो."

त्याने बेबांगला समजावून पाहिलं. बेबांगने नजर न हलवता विचारलं, दिवा विझतोय तर मला दिसतंय कसं? तेव्हा त्याने चर्चमधल्या उंदरांशी लढताना शिकलेला मार्ग धरला, गुपचूप काम करायचा. सकाळी बेबांग मासळीबाजारात गेली की तो मॉनिटरची धूळ झटकायचा आणि झटकता झटकता पुसणी बंद करून टाकायचा. पण पुसणी बंद झाली की पडदा लख्ख होई, ते बेबांगच्या लक्षात आलं असतं. म्हणून हा बहाद्दर उजेडही बेताने उतरवून ठेवायचा, पहिल्याइतकाच मंद दिसेल असा. म्हणजे तिच्या वाट्याला दोन्हीकडचं वाईट तेवढं आलं. चित्र अंधूकही आणि फराटलेलंही.

पुढच्या रविवारी सुक्या माशाचा नेम चुकला. त्याच्या पुढच्या रविवारीही. पळणाऱ्या माणसाच्या जागी तिला लोण्याचा फराटा दिसायचा आणि ती लोण्याच्या शेपटीला गोळी घालायची. मेरिफ्लोरने विचारलं, नानाय, बरं आहे ना? बेबांग म्हणाली, डोळे गेले वाटतं.

मग उपचार सुरू झाले. शेवग्याच्या पाल्याचं सूप रोज. मालिश करणाऱ्या म्हातारीने सांगितलं की विहिरीकाठच्या कुणातरी अदृश्याला हिचा धक्का लागलाय. त्याला कोंबडीचा नैवेद्य दाखवून झाला. शेवटी इलोइलो शहरात डोळ्यांचा डॉक्टर. त्याने जवळचं वाचायला चष्मा दिला आणि बाकी डोळे उत्तम आहेत म्हणाला, तर बेबांगने त्याच्यावर विश्वास ठेवायचंच नाकारलं. या सगळ्या ठिकाणी सिमो तिची पिशवी धरून तिच्याबरोबर गेला. तिच्यावर उन्हात छत्री धरली. परत येताना तिला गरम शेवयांचं बाचोयही खाऊ घातलं, तेही न कुरकुरता, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

एका रविवारी बेबांगने लेकीला सांगून टाकलं की आता तू दुसऱ्या कुणाबरोबर खेळ, माझ्यामुळे तुमची टोळी हरते. तिने मॉनिटरवर वेदीच्या कापडासारखा भरतकाम केलेला रुमाल टाकला आणि खिडकीवरची घोंगडी काढून धुतली.

सिमोला हवं ते मिळालं होतं. मॉनिटर आता अजिबात झिजत नव्हता. पण रिकामी झालेली बेबांग दुसऱ्या कामाला लागली. तिने कपाटं उघडली. दुबईचे टॉवेल बाहेर आले. एक पाय पुसायला, एक कुत्र्याला. लग्नातल्या बशांमध्ये ती सुके मासे वाढू लागली. एक बशी फुटली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आपणही जायचेच आहोत, सिमो." त्याहून वाईट म्हणजे रविवारी दुपारी ती जाळीमागे नुसती बसून राहायची आणि कुणी सिरका मागितला तर सिरकाच द्यायची.

सिमो बेकरीत आला, पाव न घेता बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मी माझ्या फोनवरून मेरिफ्लोरला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. मग ती बोलली, मलाही ऐकू येईल एवढ्या आवाजात.

"तातय, हे तुमच्या चर्चमधले दिवे नव्हेत. ह्यात जळून तुटणारी तार नसते. लुकलुकून हे मरत नाहीत. मंद होतात ते वर्षानुवर्षं जळून आणि गरमीने. लुकलुकताना तर अर्ध्याहून जास्त वेळ ते विझलेलेच असतात. काही कंपन्या त्या क्षणभराच्या उजेडात दिव्याला थोडा जास्त जोर देतात, त्याने झिजला तर केसभर झिजेल."

"केसभर म्हणजे किती?" सिमोने विचारलं.

"तातय, नानाय दर रविवारी माझ्याशी बोलायची. आता जेवलीस का विचारते आणि फोन ठेवते. तो पडदा कुणासाठी टिकवताय?"

सिमोने फोन मला परत दिला आणि पाव न घेताच गेला.

त्याने घरी जाऊन रुमाल काढला, पुसणी चालू केली, उजेड पूर्ववत केला. पण बेबांग खेळायला बसेना. ती म्हणाली, माझं झालं आता. कबुली द्यायची त्याची छाती नव्हती. मग त्याने आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस केलं. तो स्वतः खेळायला बसला, आणि बसला तो बेबांगच्याच नावाने.

हा प्रकार मी जाळीतून पाहिला. सुका मासा चालत जाऊन भिंतीला धडकला आणि तिथेच थांबला. मग आकाशाकडे बघत गोल फिरला. मग त्याने स्वतःच्या पायाशी बॉम्ब टाकला आणि तो काय आहे हे बघायला वाकला. टोळीतली पोरं ओरडू लागली. बेबांग दुकानातून ऐकत होती. तिने तांदूळ मापायचं थांबवलं. सुका मासा पुन्हा जिवंत झाला आणि आपल्याच माणसाला गोळी घालून बसला, तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "माझं नाव घालवलंस."

तिने त्याला ढकलून खुर्ची घेतली, चष्मा लावला आणि काढला. समोरच्या गच्चीवरून एक जण पळत होता. तिने त्याला टिपलं. दुसरा जिन्यावरून आला, त्यालाही. मग तिने माउसवरचा हात उचलला आणि पडद्याऐवजी नवऱ्याकडे पाहिलं.

"सिमो, तू काय केलंस?"

त्याने सांगितलं. दिवा, शंभर वेळा, धूळ झटकणं, सगळं. बेबांगने ऐकून घेतलं आणि त्याला एकच प्रश्न विचारला, ती कोंबडी आठवते का म्हणून. त्या दिवसापासून रविवारी दुपारी दुकानात सिमो बसतो. घोंगडी आता खोलीच्या मधोमध टांगलीय, त्यामुळे खिडकी उघडी असते. तो दुकानदार म्हणून काही कामाचा नाही. शेवटची बाटली मागितली तर तो म्हणतो, राहू दे ना, एकच उरलीय.

गेल्या वर्षी मेरिफ्लोर सुट्टीवर आली. आल्या आल्या आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, त्याच पडद्यासमोर. अर्ध्या तासात तिने डोकं धरलं. कुणाकुणाला ते लुकलुकणं सोसत नाही, असं ती स्वतःच गिऱ्हाइकांना सांगते म्हणे. आपण त्यातलेच आहोत हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, नानाय, जरा वेळ ती पुसणी बंद कर. बेबांग म्हणाली, तू जरा वेळ पडून राहा.

मी संध्याकाळचे पाव द्यायला गेलो तेव्हा दुबईची विक्रेती बाकड्यावर कपाळावर ओला टॉवेल ठेवून आडवी होती. सिमो एका हाताने तिला पंख्याने वारा घालत होता आणि दुसऱ्या हाताने जाळीतून कुणाला तरी शाम्पूची पुडी देत होता. घोंगडीच्या पलीकडून बेबांग कुणा परक्या देशातल्या पोराला परमेश्वर तुझं भलं करो म्हणून सांगत होती.