उदेलालमामांचे सोनमासे आणि गिरजेचा विळा

गिरजा ढिवरीण दिसायला बरी नव्हती आणि बोलायला त्याहून वाईट. ती मोठी प्रेमळ होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मामांच्या हौदात कुणी बोट बुडवलं की ती छडी ओढायची. माझ्याही बोटांवर ओढली आहे.

माझे मामा उदेलाल दरेकशाकडच्या एका गावचे मालगुजार. मुलीच मुली झाल्या, मुलगा हवा, म्हणून त्यांनी नवस बोलला: सोनेरी माशांना रोज कणकेच्या गोळ्या. गावतलावातले रोहू चालले असते, पण मामांना देवही भपक्याने पटवायचा होता. मासे कलकत्त्याहून रेल्वेने, मडक्यांतून आले. ते राखायला गावचा ढिवर, म्हणजे मासेमार, सुकराम, गिरजेचा नवरा.

मासे तऱ्हेतऱ्हेचे. काही लांबट, एका शेपटीचे, चपळ. काही गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे, डोक्यावर मांसाचा तुरा असलेले. आणि काळे, डोळे खोबणीबाहेर आलेले. त्यांना गिरजा 'मालक' म्हणायची. "मालक रागावले का असेच दिसतेत!"

गोल मासे मंद, त्यांना चपळांपासून वेगळं ठेवायचं, नाहीतर उपाशी राहतात. विहिरीचं पाणी दिवसभर घंगाळात ठेवायचं, मग हौदातलं थोडं उपसून तेवढंच घालायचं. खायला चिमूटभर. अवघड काय आहे यात?

अवघड होते मामा. ते ताटभर गोळ्या ओतायचे. उरलेली कणीक आंबायची, पाणी पांढुरकं व्हायचं, गोल मासे पोट फुगून उताणे तरंगायचे. मासा मेला की मामा चाबूक मागवत आणि सुकरामची पाठ फाडत. मासे कशाने मरतात ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण नवस मालकाचा, मग चूक मालकाची कशी? सुखवंतामामी जखमांवर लावायला हळद पाठवायची. तोंड उघडायची नाही.

एका हिवाळ्यात सुकरामची पाठ पिकली, अंगात ताप भरला. वैद्याने गिरजेला सांगितलं, आता मार पडला तर हा उठत नाही. दुसऱ्याच सकाळी तुरेवाला लाल मासा उताणा. गड्यांनी सुकरामला तापातच ओढत आणून खांबाला बांधलं.

"मालक, थांबा जी," गिरजा म्हणाली. "मासा कायनं मेला, पाहून तरी घ्या."

"तू मले शिकवून राहिली, गिरजे?"

तिने मासा हौदाच्या कठड्यावर ठेवला, कमरेचा विळा काढला आणि पोट फाडलं. आत कच्ची कणीक. "हे सुकरामनं चारलं काय? तुमच्याच हातचं हाय न!"

सारं अंगण ऐकत होतं. मामांचे डोळे त्या काळ्या माशासारखे बाहेर आले. चाबकाचा एक फटका सुकरामच्या पाठीवर, दुसरा त्याच्याच तोंडावर. पुन्हा हात वर गेला तेव्हा गिरजेने मनगटावर विळा घातला. रक्ताची चिळकांडी हौदात उडाली आणि मूर्ख मासे खाणं समजून तिकडे धावले.

गड्यांनी तिला लाठ्यांनी आडवी केली. एक हात मोडला, पुढचे दात गेले. रक्त थुंकत ती ओरडत होती, "उचला आता चाबूक! उचला न!"

मामांच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. गिरजा भंडाऱ्याच्या तुरुंगात गेली. मामा डाव्या हाताने गोळ्या टाकत राहिले आणि एकेक करत सारे मासे मेले. चाबूक मात्र खुंटीवरच राहिला. मामांच्या डाव्या हाताला तो साधेना, आणि विळा पाहिलेला एकही गडी तो हातात घेईना. मुलगा? पुन्हा मुलगीच झाली.

गिरजा सुटून आली तेव्हा मी मामांकडेच होते. सुकराम रडायला लागला, "सारे मासे मेले वं."

"मरू दे. तू फिर."

तो फिरला. तिने धड हाताने त्याची बंडी वर केली, पाठीवरून तळवा फिरवला, उजेडात धरून पाहिला. कोरडा होता.

"चाल घरी," ती म्हणाली.